तलावाचे दात

आमच्या घराच्या मागं मोहाचं एक जुनं झाड आहे. संक्रांत होऊन गेली होती. एका सकाळी सरकारच्या माणसानं त्या झाडाच्या बुंध्यावर लाल रंगाचा फराटा ओढला अन् हिंदीत सांगितलं, तलाव भरला की पाणी इथवर येतं, म्हणून तलावाची हद्द इथवर. झाड मागं, घर पुढं. म्हणजे आमचं घर तलावात! मी अंगणात मेथीच्या जुड्या बांधत बसले होते. हातातली जुडी तशीच राहिली.

बरं, त्या माणसाला झाडापर्यंत घेऊन आलं कोण? आमचे सासरे. मी त्यांना मामाजी म्हणते. वय झालेलं, गुडघे गेलेले, पण तलावाचं नाव काढलं की म्हातारा पोरासारखा पुढं पळतो. सरकारचा माणूस नुसता विचारत होता, पाणी कुठपर्यंत येतं म्हणून. दुसरा कोणी असता तर लांबूनच बोट दाखवून म्हणाला असता, ते काय, त्या धुण्याच्या दगडापर्यंत. मामाजींनी काठी उचलली, त्याला आमच्या अंगणातून नेलं, घराला वळसा घातला अन् मोहाच्या झाडाला हात लावून, छाती काढून सांगितलं, "इधर तक आया था साब! एक साल इधर तक! ऐसा तालाब उटनूर तक नहीं मिलेगा." त्या माणसानं लगेच रंगाचा डबा उघडला. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय.

तो गेल्यावर मी घरात जाऊन भांडी आपटायला लागले. सुनेला सासऱ्यावर ओरडता येत नाही, भांड्यांवर ओरडता येतं. मामाजींनी ओट्यावरून विचारलं, "काय झालं वं सूनबाई?"

"काई नाही. घर गेलं, बाकी काई नाही."

"कुठी गेलं?"

"तलावात. तुमीच तं नेऊन देलं."

"मी काय खोटं सांगतलं काय? आलतं पाणी तथवर. तूच तं बाजेवर बसून रडत होती त्या साली."

खरं होतं ते. मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हाची गोष्ट. असा पाऊस लागला की तलाव उठून घरात आला. तेव्हा आमचं कुडाचं घर होतं. पाणी मोहापर्यंत गेलं, एक दिवस राहिलं अन् उतरलं. पण पाहुण्यासारखं आलं अन् गेलं ते पाणी सरकारला सांगायचं असतं का, बाप्पा? उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! मामाजींना वाटलं, आपण तलावाची थोरवी सांगितली. संध्याकाळी ते जेवायला बसले तरी हाच विषय, की साहेबानं झाडापर्यंत येऊन पाहिलं, फोटो काढला. मी भाकरी ताटात टाकली ती जरा जोरातच पडली.

आमचं गाव कसं वसलेलं आहे ते सांगितल्याशिवाय ही भानगड कळायची नाही. मावळतीला सागाच्या टेकड्या, टेकड्यांवर गोंडांचे गुडे, म्हणजे पाडे. तिथून एक ओढा उतरतो अन् आमच्या सपाटीत येऊन पसरतो. उगवतीला मातीची लांब पाळ आहे, तिला सगळे कट्टा म्हणतात. मी किनवटकडची, मला हा तेलुगू शब्द लग्नानंतर कळला. ही पाळ कोणी बांधली ते धड कोणाला ठाऊक नाही. गोंड म्हणतात आमच्या राजानं, तेलुगू लोक म्हणतात त्याच्याही आधीची, अन् मामाजी म्हणतात, "कोणी का बांधेना, टिकवली तं आमी." पाळीखाली गावातले मळे आहेत, वांगी, मिरची, टमाटे, कोथिंबीर. तलावाचं पाणी पाळीच्या पोटातून झिरपत जातं अन् तिथल्या विहिरींना लागतं. तलावात पाणी असेपर्यंत विहिरीत पाणी. ही भाजी नारनूरच्या अन् उटनूरच्या बाजारात जाते.

पाळीच्या अलीकडं, पाण्याच्या काठावर, आमच्यासारखी मोजकी घरं. आमचं काम वेगळं. पाणी जसं जसं उतरतं तसं त्याच्या मागं मागं जायचं अन् ओल्या गाळात काकडी, टरबूज, वाल लावायचे. निजामाच्या वेळेपासून त्या जमिनीला शिकम म्हणतात, म्हणजे पोट. तलावाच्या पोटात पेरायचं, पिकेल ते घ्यायचं, पावसाळा आला की जमीन त्याची त्याला परत. डुकरं फार येतात, राखणीला जवळच राहावं लागतं, म्हणून घर काठावर. हौस म्हणून कोणी डासांत राहत नाही.

कुडाचं घर पाडून विटांचं घर मी उभं केलं. मीच म्हणते, कारण नवरा म्हणत होता, "कायले पायजे? हाय ते बरं हाय." मी म्हणाले, पायजे. डोक्यावर टोपल्या नेऊन नेऊन केस विरळ झाले तेव्हा कुठं ते घर झालं. जोतं मुद्दाम उंच घेतलं. तलाव पुरता भरला तरी पाणी धुण्याच्या दगडाला लागून थांबायचं, हे मी चार पावसाळे पाहून मगच पाया खणू दिला होता. खिडक्यांना निळा रंग दिला. जावा म्हणाल्या, लय मिजास करते. करते तर करते, माझं घर आहे.

अन् आता टीव्हीवर रोज तेच. हैद्राबादकडं तलावातली घरं पाडून राहिले होते. मोठी मोठी, दोन दोन मजल्यांची, फरशी लावलेली घरं. मशीन येते, सोंडेसारखा हात उचलते अन् भिंत खाली. बाई बाहेर उभी राहून ओरडते, पोलीस तिला धरून ठेवतात. नवरा म्हणायचा, "ते शहरातलं हाय. आपल्या खेड्यात कोण येते?" मी म्हणायची, रंगाचा डबा घेऊन आला तो कोण होता मग, तुमचा साडू?

त्या दिवसांत माझा जीव टांगणीला लागला. घरात बसले की प्रत्येक वस्तूकडं पाहून वाटायचं, ही कशी काढायची? पलंग निघेल, कपाट निघेल, देवघर भिंतीत बसवलेलं आहे ते कसं निघेल? चुन्याचं पोतं आणून ठेवलं होतं, ते तसंच पडून राहिलं. ज्या भिंतीचं काय होणार ते ठाऊक नाही, तिला चुना कशाला? रस्त्यावर गाडीचा आवाज आला की मी हातातलं टाकून बाहेर यायची. बहुतेक वेळा दूधवाला असायचा. तोही घाबरला बिचारा, म्हणाला, "काकू, मी काय केलं?"

होळीच्या थोडं आधी तो रंगवाला माणूस पुन्हा आला, जागा पाहून ठेवायला. मी त्याला बसवलं, चहा दिला अन् झाडाकडं बोट दाखवून विचारलं, ये पक्का है क्या? तो हसला. म्हणाला, अम्मा, झाडावरचा रंग म्हणजे नुसती खूण. खरी रेघ दुर्बिणीनं ठरते. तलावाचं जास्तीचं पाणी जिथून सांडतं त्या सांडव्याच्या माथ्यावर दुर्बीण लावायची, अन् त्या उंचीची रेघ सगळ्या काठानं फिरवायची. त्या रेघेच्या आत तलाव, बाहेर तुम्ही. साहेब येतील अन् करतील.

मला वाटलं, सुटलो! एका सालच्या पुराचं पाणी कोणी धरत नाही. सांडव्याच्या माथ्यावरून धरलं तर पाणी धुण्याच्या दगडाशी थांबतं, अन् माझं घर त्याच्या वर. मी त्या माणसाला गुळाचा खडा दिला, आणखी एक कप चहा दिला. तो गेल्यावर नवऱ्याला आनंदानं सांगितलं. त्यानं सगळं ऐकलं अन् बिडी विझवली. मग म्हणाला, "अवं, पण सांडव्याचे दात?"

दात मी विसरलेच होते.

आमच्या सांडव्यावर ओळीनं उभे दगड रोवलेले आहेत, फार जुने. दोन दगडांमध्ये फट, पुन्हा दगड, पुन्हा फट. त्यांना आम्ही दात म्हणतो. पावसाळ्यात फटींतून पाणी वाहून जातं, पाळीवर जोर येत नाही. अन् पाऊस सरत आला की फटी बुजवायच्या, म्हणजे ओढ्याचं शेवटचं पाणी हातभर वर अडतं. गणपती बुडवले की दुसऱ्या दिवशी दात बुजवायचा दिवस. सगळं गाव सांडव्यावर. आम्ही बाया तलावातला काळा चिकण गाळ टोपल्यांनी आणायच्या, माणसं पळसाची पानं अन् गवत घालून तो पायांनी ठासायची. गोंडांच्या गुड्यातूनही माणसं यायची. मग तिथंच बसून घुगऱ्या अन् गूळ. नवीन सुनांना चिखलानं रंगवायचे, मलाही पहिल्या वर्षी असं रंगवलं की नवऱ्यानं ओळखलं नाही, नाहीतर ओळखूनही हसला असेल. अन् उन्हाळ्याच्या शेवटी, पहिला ढग दिसायच्या आधी, तेच दात मोकळे करायचे. ज्यानं बुजवले त्यानंच उकरायचे, असा दंडक. मामाजी त्याचे मुख्य. उकरायच्या दिवशी पहिला कुदळीचा घाव त्यांचा.

हातभर पाणी म्हणजे ऐकायला काहीच नाही. पण सगळ्या तलावावर पसरलेलं हातभर पाणी हेच उन्हाळ्याचं पाणी असतं. तेवढं असलं तर पाळीखालच्या विहिरी मृगापर्यंत ओढतात. नसलं तर गुढीपाडव्यालाच तळ दिसतो.

मग माणसं कमी झाली. पोरं कामाला बाहेर गेली, कोणी निझामाबादला, कोणी मंचेरियलला. दात बुजवायला म्हातारे अन् बाया उरल्या. एका वर्षी शाळेच्या भिंतीचं काम होऊन सिमेंट उरलं होतं. पाळीखालच्या मळ्यातला एक पोरगा गवंडीकाम करायचा. तो म्हणाला, दरसाल कायले मरमर करता, मी पक्के करून देतो. मामाजींचे गुडघे तेव्हाच बोलायला लागले होते. त्यांनी हो म्हटलं. पोरानं फटी बुजवून दातांच्या माथ्यावरून असा सुरेख सिमेंटचा पट्टा ओढला की त्यावरून गोटी सोडली तर सरळ जाईल. मी तिथं उभी राहून पाहत होते अन् मनात म्हणाले, पोरगा कामाचा आहे, माझी पोरगी याला द्यावी. अन् दिली. तो माझा जावई. आपलेच दात अन् आपलेच ओठ, आता कोणाला बोलायचं?

तेव्हापासून दात कधी उकरले गेले नाहीत. सांडवा कायमचा हातभर वर गेला. काठावर आमची जमीन थाळीसारखी सपाट. तिथं हातभर उंचीनं पाणी कुठल्या कुठं सरकतं. भर पावसाळ्यात ते धुण्याचा दगड ओलांडून ओट्याच्या पायरीपर्यंत यायला लागलं. कधी पायरीला लागायचं, कधी नाही, सिमेंटच्या माथ्यापर्यंत तलाव अजून कधी भरलाच नव्हता, म्हणून आम्ही त्याचं काही मनावर घेतलं नाही. लेकरं तर दारातून गळ टाकायची. पण साहेबानं सिमेंटच्या माथ्यावरून दुर्बीण लावली तर रेघ ओट्याच्याही वरून, चुलीमागून जाणार होती. अन् जुन्या दातांमधल्या फटीच्या तळावरून लावली तर दगडापाशी. काठावरची बाकीची घरं चढावर आहेत, ती दोन्हीकडून सुटत होती. आत येणार होतं ते एकच घर.

दुसऱ्या दिवशी मी लेकीकडं गेले. ती विहिरीजवळ वांगी तोडत होती. मी तिला सगळं सांगितलं. सिमेंट मागून घातलं एवढं साहेबाला सांगितलं की घर वाचतं. पण मग साहेब सिमेंट फोडायला लावणार, अन् तुमची विहीर उन्हाळ्यात आटणार.

लेक माझ्यासारखीच आहे, तिखट. वांगं टोपलीत फेकून म्हणाली, "मंग सांग ना! कायले वाट पाहून राह्यली? घर काय रोज रोज होते काय?"

"अन् तुमचं?"

"आमचं आमी पाहू."

तेवढ्यात जावई आला अन् विहिरीवरचं इंजिन पुसत बसला. त्याच्या चुलत भावानं मंचेरियलला खाणीच्या ठेकेदाराकडं काम पाहून ठेवलं होतं, हे मला लेकीनं दिवाळीतच सांगितलं होतं. ती तेव्हा म्हणाली होती, एक उन्हाळा जरी वाया गेला तर हा सामान भरायला बसलाच आहे. आता त्यातलं काही बोलली नाही. नातू विहिरीच्या थाळ्यात पाय घालून खेळत होता. मला रोज सकाळी त्याचा आवाज पाळीवरून ऐकू येतो, ते माझ्या डोक्यात आलं अन् मी उगाच त्याच्यावर खेकसले, "निंघ तथून, पडशीन!"

मग मारुतीच्या ओट्यावर गाव बसलं. सगळ्यांना सगळं ठाऊक होतं, तरी कोणी विषय काढेना. कोणी पावसाचं बोललं, कोणी कापसाच्या भावाचं. माझं डोकं तापलं. मी बायांमध्ये मागं बसले होते, तिथूनच म्हणाले, "बोला ना बाप्पा! काऊन सगळ्याइच्या तोंडाले कुलूप लागलं?"

हैद्राबादहून होळीसाठी आलेला एक पोरगा म्हणाला, "फोडून टाकू सिमेंट, मोजणी होऊ देऊ, मंग पुन्हा बुजवू."

मामाजी म्हणाले, "एकदा उंची लिहून गेले का मंग त्याच्यावर बोटभर माती टाकाची सोय नाही. केस करतीन. अन् दरसाल बुजवाले माणसं कुठी हायेत? तू येतं काय हैद्राबादहून?"

पाळीखालचा एक म्हातारा, मामाजींचा जुना जोडीदार, खाली पाहत म्हणाला, "आमी काय म्हणाव? म्हणाले तोंड नाही. तुमचं घर हाय. तुमी म्हणसान तसं." सगळ्यांनी माना हलवल्या. एकही माणूस, सिमेंट राहू द्या, असं म्हणाला नाही. म्हटलं असतं तर मी उभी राहून भांडले असते, एकेकाचा उद्धार केला असता. पण ते असे बसले होते, जसं काही मयताला आले आहेत. भांडायचं तरी कोणाशी? उठताना एका बाईनं माझ्या हाताला हात लावला, अन् मला तिचा इतका राग आला की मी हात काढून घेतला.

मामाजी घरी आले, ओट्यावर टेकले अन् म्हणाले, "मी सांगतो साहेबाले. मीच हो म्हणलं होतं सिमेंटले, मीच सांगतो."

"सांगा," मी म्हणाले.

"सांगतोच."

नवरा म्हणाला, बाप सांगणार म्हणतो ना, मग तू कशाला जीव खाते? तो घोरलाही नंतर. मी मात्र मनातल्या मनात हिंदी जुळवत पडले होते, कारण मला माझा सासरा ठाऊक आहे. ये सीमेंट बाद में डाला है साब. नीचे का पत्थर असली है. एवढंच बोलायचं. शाळेतल्या कवितेसारखं घोकलं.

साहेब आला तो तरुण होता, करीमनगरकडचा, तेलुगू अन् हिंदी बोलणारा, उन्हानं लाल झालेला. तीन पायांची दुर्बीण, लाल-काळ्या खुणांची पट्टी, दोन मजूर. सगळं गाव सांडव्यावर जमलं होतं. माणसं एकीकडं, बाया एकीकडं. लेक नातवाला कडेवर घेऊन आली होती. माझ्याकडं पाहून तिनं भुवया उडवल्या, बोल म्हणून. जावई मागं, सगळ्यांच्या पाठीशी उभा होता अन् पाण्याकडं पाहत होता. होळी तोंडावर आलेली, तरी तलावात भरपूर पाणी होतं. वाऱ्यानं त्याच्या लहानशा लाटा सिमेंटच्या किती तरी खाली दगडांना लागत होत्या.

साहेब वाकला, सिमेंटवर हात फिरवला, खालच्या दगडांकडं पाहिलं. माणूस हुशार होता. सरळ झाला अन् सगळ्यांना मिळून विचारलं, "ये ऊपर का काम असली तालाब का है, कि बाद में डाला?"

मी मामाजींकडं पाहिलं. ते एक पाऊल पुढं झाले. काठी दगडावर टेकवली. तोंड उघडलं, अन् त्यांचे ओठ नुसते हलायला लागले. ज्या म्हाताऱ्यानं जन्मभर या तलावाची थोरवी गायली, त्याच्या तोंडून हा तलाव हातभर छोटा आहे हे निघेना. डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. मला कीव आली नाही, खोटं कशाला बोलू. मला राग आला. म्हटलं, मलाच करावं लागणार, नेहमीसारखं.

मी पदर खोचला अन् पुढं गेले. घोकलेली हिंदी जिभेवर तयार होती. साहेबानं माझ्याकडं पाहिलं. मागं नातू लेकीला काहीतरी विचारत होता अन् ती त्याला गप्प करत होती. "चूप," ती म्हणाली, "आजी बोलून राह्यली."

"असली है साब," मी म्हणाले. "ऊपर से मरम्मत किया, बस. ऊंचाई पहले से इतनीच है."

साहेबानं पुन्हा विचारलं, पक्का? मी म्हणाले, "पक्का. मेरे सास के जमाने से." माझी सासू मी लग्न होऊन यायच्या आधीच गेली होती, तिला मी पाहिलंही नाही. माझा आवाज इतका ठणठणीत निघाला की मलाच भीती वाटली. मागं कोणी खोकलं नाही की हललं नाही. लेक मात्र ओरडली, "आई!" अन् मी तिच्याकडं असं पाहिलं की ती तिथंच थांबली.

दुर्बिणीचे पाय सिमेंटवर रोवले गेले. मजूर पट्टी घेऊन काठानं निघाला, साहेब हातानं खुणा करत राहिला, इकडं, आणखी इकडं, मागं, आणखी मागं. माणसं त्यांच्या मागून चालली. मी पुढं होऊन घरी आले. चुलीवर पाणी ठेवायचं म्हणून ठेवलं, त्यात पत्ती टाकायची विसरले. खिडकीतून पट्टी येताना दिसत होती. धुण्याचा दगड मागं पडला. ओटा मागं पडला. मजूर घराच्या बाजूनं मागं गेला, अन् मग मागच्या भिंतीपलीकडून घण पडल्याचा आवाज आला. ताटांच्या फळीवरची ताटं हलली.

दगड रोवून झाला तेव्हा मी बाहेर गेले. मोहाच्या झाडापासून तो जरा अलीकडं होता, एवढंच. मामाजी जमिनीवर बसले होते अन् नवरा त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. बाकी गाव लांब, काठाला थांबलं होतं, जवळ कोणी आलं नाही. साहेब कपाळ पुसत दगडावरून पुढं पाहत होता, दगडाच्या अन् पाण्याच्या मध्ये काय काय येतं ते. निळ्या खिडक्यांवर त्याची नजर थांबली.

"ये घर किसका है?" त्यानं विचारलं.

"मेरा," मी म्हणाले.

तो माझ्याकडं पाहत राहिला. मग वळून लांब सांडव्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं. माणूस सकाळपासून उन्हात उभा होता, म्हणून मी आत जाऊन त्याला पाणी आणलं.